चीर : घासनीतला पक्षी

(पडदा काळा. फक्त आवाज.)

चिर-आ-पिर, चिर-आ-पिर... चिर, चिर, चिरवा, चिरवा.

उजाडायला अजून अवकाश आहे. हिमाचलातल्या एका उभ्या उतारावर कुणीतरी सुरुवात केली आणि समोरच्या धारेवरून लगेच उत्तर आलं. थोड्या वेळात हे सगळं थांबेल. मग दिवसभर इथेच कॅमेरा लावून बसा. बहुतेक वेळा गवत आणि खडक यांच्यापलीकडे काही हाती लागत नाही.

हा चीर. इंग्रजीत चिअर फेजंट (फेजंट म्हणजे कोंबडीच्या कुळातले रानपक्षी), शास्त्रीय नाव कॅट्रियस वॉलिची. 1827 साली थॉमस हार्डविक यांनी त्याचं वर्णन केलं आणि नाव दिलं कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातल्या नॅथॅनियल वॉलिच यांचं. नाव वनस्पतीवाल्याचं, आणि पक्षीही तसा गवतातच हरवलेला! स्थानिक नाव मात्र त्याच्या ओरडण्यातून आलेलं वाटतं. चीर नावाच्या हिमालयातल्या पाइन झाडाशी त्याचा घोळ करू नका.

(उतार. सकाळचं ऊन. हळूहळू जवळ.)

हिमालयातला फेजंट म्हटलं की डोळ्यांपुढे मोनाल येतो, सगळ्या अंगाने झळाळणारा. चीरकडे तसलं काही नाही. करडा-पिवळट रंग, त्यावर काळे पट्टे, डोक्यावर मागे झुकलेला लांब तुरा, डोळ्याभोवती उघडी लाल कातडी. नराची शेपटी मात्र बघण्यासारखी आहे. पट्ट्यापट्ट्यांची, अर्ध्या मीटरच्या आसपास. वाळलेल्या गवतात तो स्थिर बसला, की ती शेपटीसुद्धा गवताचीच काडी होऊन जाते.

आता ही मादी बघा. तिला काहीतरी सापडलंय. पाय रोवलेत आणि चोचीने माती उकरतेय. कोंबडीसारखी पायांनी नाही, चोचीनेच. डोकं खड्ड्यात, पाठ वर. मध्येच मान वर काढून आजूबाजूला बघते, चोचीला माती चिकटलेली, आणि पुन्हा खाली. कंद, मुळं, किडे. कंद मिळाला की जागेवरच फस्त.

धोका दिसला तरी चीर लगेच उडत नाही. आधी दबून बसतो, अगदी जवळ जाईपर्यंत. मग एकदम फडफडाट होतो आणि तो उताराच्या दिशेनं खाली झेपावतो. बंदूकवाल्यांसाठी हे सोयीचंच. त्यात पहाटे स्वतःचा पत्ता मोठ्याने सांगण्याची सवय! शिकारीने हा पक्षी अनेक ठिकाणांहून पुसला गेला आहे.

पण एकट्या शिकारीवर खापर फोडून भागत नाही. चीरला हवी असते एक अडचणीची जागा. साधारण दीड ते तीन हजार मीटर उंचीवरचा उभा उतार, मधून मधून कडे, गुडघाभर गवत, खुरटी झुडपं. दाट जंगल चालत नाही, बोडका डोंगरही चालत नाही. आणि असा उतार पुष्कळदा आपोआप राहत नाही, माणूस तो राखतो.

(घासनी. विळ्याचा आवाज.)

हिमाचलात या उतारांना घासनी म्हणतात. पावसाळा सरला की गावातल्या बाया विळे घेऊन वर चढतात, गुरांसाठी हिवाळ्याची बेगमी करायला. कापणी आणि चराई यांमुळे झाडं वर येत नाहीत. हे सगळं बंद करून नुसतं कुंपण घातलं, तर काही वर्षांत झुडपं दाटतात, मागोमाग झाडं येतात आणि चीर निघून जातो. संरक्षण म्हणजे हात न लावणं, हे गणित इथे चुकतं.

उलट बाजूही आहेच. अति चराईने गवताचा आडोसाच उरत नाही. आणि वसंतात वणवा लावला, तर कड्याच्या आडोशाला जमिनीवर खरवडलेल्या खळग्यातली अंडी जळतात. विणीचा काळ नेमका एप्रिल ते जून. अंडी मादी उबवते, सव्वीसेक दिवस. नर मात्र आसपासच वावरतो. फेजंट कुळात एका जोडीदाराशी असं टिकून राहणारे नर फार नाहीत.

पिंजऱ्यात वाढवून सोडण्याचे प्रयत्नही झाले. पाकिस्तानातल्या मार्गला टेकड्यांमध्ये ब्रिटनहून अंडी आणून वर्षानुवर्षं खटपट झाली, पण पक्ष्यांचा जम बसला नाही. हिमाचलात चैलजवळच्या खडियूनला प्रजनन केंद्र आहे. तिथे वाढलेले काही पक्षी 2019 पासून रानात सोडले जाऊ लागले. पिंजऱ्यात जन्मलेल्या पिलाला कोल्हा म्हणजे काय, हे कोण शिकवणार?

(पुन्हा अंधार. हातातली वही, मिणमिणती विजेरी.)

चीरची गणती डोळ्यांनी होत नाही. पहाटेआधी माणसं ठरलेल्या जागी चढून बसतात, थंडीत, गुपचूप. आवाज कुठल्या दिशेने आला, किती वाजता आला, एवढंच लिहायचं. पाच अठ्ठावीस, समोरची धार. पाच एकतीस, डावीकडे, कड्याखाली. पाच चौतीस, पुन्हा समोर. हा तोच पक्षी की दुसरा?

चिर-आ-पिर. दोन ठिकाणांहून, एकाच वेळी. वहीत दोन जागी खूण होते.