नाश्ता कुणी ठरवला?

नमस्कार श्रोतेहो.

‘नाश्ता चुकवला की वजन वाढतं’ हे तुम्ही ऐकलं असेल, कुणाला सुनावलंही असेल. हे आलं कुठून? संशोधकांनी पुष्कळ लोकांना विचारलं, नाश्ता करता का आणि वजन किती? नाश्ता करणारे सरासरीने सडपातळ निघाले. आकडे खरेच होते. पण रोज वेळेवर नाश्ता करणारा माणूस बहुधा वेळेवर झोपतो, सिगारेटपासून लांब राहतो, चालायला जातो. मग गुण नाश्त्याचा की झोपेचा? शिवाय आधीच वजन वाढलेला माणूस ते उतरवायला म्हणूनही नाश्ता सोडतो. म्हणजे उलटीच गंगा! आणि झोपेसारख्या, दोन्ही गोष्टींच्या मागे लपून बसणाऱ्या तिसऱ्या गोष्टीला संशोधक ‘कन्फाउंडर’ म्हणतात. मी त्याला घुसखोर म्हणतो.

घुसखोराला रोखायचं, तर कुणी काय खायचं हे त्या माणसावर सोडायचं नाही, चिठ्ठी टाकायची. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३०९ जणांचे असे गट पाडले. काहींना सांगितलं नाश्ता करा, काहींना करू नका. सोळा आठवड्यांनी वजनात म्हणण्यासारखा फरक नव्हता.

पण घरी गेल्यावर माणूस खरंच काय खातो? विचारावं, तर तो आठवून सांगणार. ‘इतकं कमी खाऊनही वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्या काही जणांची १९९२ च्या एका अभ्यासात तपासणी झाली. शरीराने किती ऊर्जा खर्च केली हे खास खुणेचं पाणी पाजून मोजता येतं. हिशेब लावला, तर खाल्लेल्यातलं सरासरी ४७ टक्के सांगायचंच राहून गेलं होतं. त्यांना खोटारडे म्हणू नका. दुसऱ्याच्या ताटातले दोन घास कोण मोजतं?

म्हणून अमेरिकेत केविन हॉल या संशोधकांनी वीस जणांना चार आठवडे संशोधन केंद्रातच ठेवलं. दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं; आधी कुठलं, ते चिठ्ठीवर. प्रत्येकाची तुलना स्वतःशीच, त्यामुळे स्वभाव, शिक्षण, मिळकत हे घुसखोर बाहेरच राहिले. समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, चरबी, तंतू सारखे. हवं तितकं खा. अतिप्रक्रिया केलेलं अन्न असताना लोक दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते. वजन सरासरी ०.९ किलोने वाढलं, साध्या अन्नावर तितकंच उतरलं. हे निष्कर्ष २०१९ साली छापून आले.

पण वर्षभरानंतर काय होतं, ते यातून कळत नाही. इतके दिवस माणसांना कोंडून कोण ठेवणार? तिथे पुन्हा घरी राहणाऱ्या माणसालाच विचारावं लागतं: काल काय खाल्लंत?