सुडोकू अडतं तेव्हा

(पडद्यावर: अर्धवट भरलेलं सुडोकू, रिकाम्या घरांवरून फिरणारी पेन्सिल.)

'कठीण' पातळीचं सुडोकू. सुरुवातीचे आकडे भराभर बसले आणि मग सगळं ठप्प झालं. आता एकही आकडा खात्रीने लिहिता येत नाही. अशा वेळी कुणी अंदाजाने एखादा आकडा टाकून बघतं, तर कुणी एक्स-विंग, स्वोर्डफिश अशा भारदस्त नावांच्या युक्त्या शोधायला लागतं. त्याआधी साध्या युक्त्याच पुन्हा एकदा नीट लावून बघा. अडलेली बरीच सुडोकू तिथेच सुटतात. जी सुटत नाहीत, त्यांनाही प्रगत युक्ती लागते ती एखाद-दुसऱ्या ठिकाणीच.

प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि तीन बाय तीनच्या चौकटीत १ ते ९ हे आकडे एकेकदाच यायला हवेत. म्हणून मुळात प्रश्न दोनच असतात. या घरात कोणता आकडा बसेल? आणि हा आकडा कोणत्या घरात बसेल? पहिला प्रश्न सगळेच विचारतात, दुसरा विसरतात.

(पडद्यावर: एक आडवी ओळ मोठी होते. एका घरात बारीक अक्षरात २, ५, ६, ८.)

हे घर बघा. इथे २, ५, ६, ८ अशा चार शक्यता आहेत. चार म्हटल्यावर आपण पुढे सरकतो. पण आता घर सोडा आणि फक्त ५ चा माग काढा. याच ओळीतली बाकीची रिकामी घरं तपासली, तर कुठे उभ्या ओळीत ५ आहे, कुठे चौकटीत. म्हणजे या ओळीच्या ५ ला हे एकच घर उरलं. घरात शक्यता चार, पण आकड्याला जागा एकच! यालाच हिडन सिंगल म्हणतात. अडलेल्या सुडोकूत सर्वांत जास्त वेळा नजरेतून सुटतो तो हाच.

त्यानंतर जोड्या. एका चौकटीत दोन घरं अशी सापडली, की दोन्हींत फक्त २ आणि ६ शक्य आहेत. कोणत्या घरात २ आणि कोणत्या ६, हे आत्ता माहीत नाही. पण एसटीत रुमाल टाकून जागा धरावी, तशा त्या दोन जागा या दोघांनी धरल्या आहेत. चौकटीतल्या इतर सगळ्या घरांतून २ आणि ६ खोडून टाका. तिसऱ्या घरात २, ६, ९ लिहिलेलं असेल, तर तिथे ९ पक्का.

इथे आकडा बसवायच्या आधी आपण आकडा खोडला. पुढच्या सगळ्या प्रगत युक्त्या एवढंच करतात. त्या सहसा थेट उत्तर देत नाहीत, एखादी शक्यता बाद करतात. म्हणून कोपऱ्यातले बारीक आकडे पूर्ण आणि ताजे हवेत. खोडायचा राहिलेला एक जुना ७ एक्स-विंग लपवून ठेवतो. लिहायचा राहिलेला ७ त्याहून वाईट, तो नसलेलं एक्स-विंग दाखवतो.

(पडद्यावर: पूर्ण जाळं. दुसरी आणि सहावी आडवी ओळ, तिसरी आणि आठवी उभी ओळ रंगतात.)

आता एक्स-विंग प्रत्यक्ष बघू. दुसऱ्या आडव्या ओळीत ७ दोनच घरांत बसू शकतो, तिसऱ्या किंवा आठव्या. सहाव्या आडव्या ओळीतही नेमकं तेच, तिसरं किंवा आठवं. समजा, वरचा ७ तिसऱ्या घरात गेला. मग खालचा आठव्यात जाणार. वरचा आठव्यात गेला, तर खालचा तिसऱ्यात. काहीही झालं तरी तिसऱ्या आणि आठव्या उभ्या ओळीचे ७ याच चार घरांतून येणार. तेव्हा या दोन उभ्या ओळींतल्या बाकी सगळ्या घरांतून ७ खोडायचा. शेवटच्या आडव्या ओळीत आठव्या घरात ४ आणि ७ होते. ७ गेला, ४ उरला. तो ४ बसला की पुन्हा साध्या युक्त्या सुरू होतात, आणि कितीतरी वेळा शेवटपर्यंत पुरतात.

दोनाऐवजी तीन ओळी घेतल्या की तेच स्वोर्डफिश. तर्क तोच, फक्त नजर जास्त लांबवर न्यावी लागते.

(पडद्यावर: जुन्या मासिकांची पानं.)

हे कोडं आजच्या रूपात प्रथम छापलं गेलं १९७९ साली, अमेरिकेत. ते इंडियाना राज्यातले निवृत्त वास्तुरचनाकार हॉवर्ड गार्न्स यांनी रचलं, असं मानलं जातं. १९८४ मध्ये जपानच्या निकोली प्रकाशनाने ते उचललं. तिथे कोडी हाताने रचली जायची, सोडवणारा कोणत्या वाटेने जाईल याचा विचार करून. पुढे वेन गूल्ड या हाँगकाँगमधल्या निवृत्त न्यायाधीशांनी कोडी तयार करणारा संगणक-प्रोग्रॅम लिहिला, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये सुडोकू सुरू झालं. चारच वर्षांत, २००८ ची जागतिक स्पर्धा आपल्या गोव्यात भरली. अमेरिकेचे थॉमस स्नायडर ती जिंकले.

दिलेले आकडे कमी म्हणजे कोडं अवघड, हा समज मात्र सोडून द्यायला हवा. एकच उत्तर असलेल्या सुडोकूत किमान १७ आकडे द्यावेच लागतात, हे डब्लिनचे गणिती गॅरी मॅकग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाच्या मदतीने दाखवलं. २०१२ च्या सुरुवातीला ते जाहीर झालं. पण १७ आकड्यांची अनेक कोडी निव्वळ साध्या युक्त्यांनी सुटतात. उलट, फिनलंडचे आर्तो इंकाला यांचं २००६ मधलं 'एआय एस्कार्गो' हे कोडं घ्या. त्यात २३ आकडे दिलेले आहेत, तरी तिथे एक्स-विंगही पुरत नाही.

(पडद्यावर: दोन रंगांच्या रेषा एकाच घरातून निघून जाळ्यात पसरतात.)

अशा कोड्यांत साखळीचा तर्क लागतो, आणि तो म्हणजे अंदाज नव्हे. अंदाजात आपण एक शक्यता धरतो आणि ती खरी निघेल अशी आशा करतो. साखळीत दोन्ही शक्यता तपासायच्या. एका घरात २ किंवा ८ आहे. २ धरून पायरी-पायरीने पुढे जा, परिणाम लिहून ठेवा. मग मागे येऊन ८ धरा, पुन्हा तसंच. पहिल्या घरात काय आहे हे अजूनही कळलेलं नसतं. पण दोन्ही वाटांनी गेलं तरी पलीकडच्या एका घरात ३ च येतो. मग तिथे ३ शाईने लिहा.