रात्री गाडी कुठं लागते?

(दृश्य: हायवेलगतचं पंक्चरचं दुकान. इलेक्ट्रिक एसयूव्हीच्या टायरमध्ये हवा भरली जातेय, भोवती चार-पाच जण.)

पेट्रोल पंपाचा संबंध संपला तरी हवा भरायला थांबावंच लागतं. आणि थांबलं की कोल्हापुरात पहिला प्रश्न ठरलेला, "भावा, एका चार्जिंगला किती जातीया?" लगेच दुसरा, "पुण्याला पोचतीया न्हवं?"

प्रश्न रास्तच आहे. जानेवारी 2020 मध्ये टाटाची नेक्सॉन ईव्ही आली, तेव्हा तिची बॅटरी 30.2 युनिटची (किलोवॉट-तास, वीजबिलावरचंच युनिट) होती आणि कागदावरची रेंज 312 किलोमीटर. पुणे इथून साधारण 230. पण शंभरचा वेग, एसी आणि वाटेत खंबाटकीचा घाट म्हटल्यावर तो हिशेब जमत नसे. कराडला नाहीतर साताऱ्याला थांबावं लागे. आज त्याच गाडीत 45 युनिटची बॅटरी मिळते. महिंद्राच्या बीई 6 मध्ये 79 युनिटपर्यंत. पुणं आता टप्प्यात आलंय.

(दृश्य: पन्हाळ्याची चढण.)

घाटाची भीतीही प्रत्यक्षात तेवढी उरत नाही. कोल्हापूरहून पन्हाळा सुमारे 400 मीटर उंच. माणसं भरलेली गाडी तेवढी वर न्यायला नेहमीच्या खर्चावर जेमतेम 2 युनिट जादा लागतात, आणि उतरताना मोटरच गाडीला आवरत वीज तयार करते, त्यामुळं त्यातला बराच भाग बॅटरीत परत येतो. एकच काळजी घ्यायची. गडावर मुक्काम करून बॅटरी शंभर टक्के भरली असेल तर परत येणारी वीज साठवायला जागाच नसते. मग उतारावर ब्रेकवर भार येतो.

खरी गोष्ट घरात सुरू होते. आम्ही ज्या मालकांना भेटलो, त्यांतले समाधानी कोण आणि वैतागलेले कोण, हे गाडीच्या मॉडेलवरून ओळखता येत नव्हतं. रात्री गाडी कुठं लागते, यावरून ओळखता येत होतं.

उद्यमनगरात लेथवर इंजिनाचे सुटे भाग करणारे एक मालक. घरासमोर स्वतःची जागा, भिंतीवर 15 अँपियरचा सॉकेट. त्यातून तासाला साधारण 3 युनिट गाडीत जातात. रात्री नऊला लावली की सकाळी सातपर्यंत 30 युनिट. दिवसाचं त्यांचं फिरणं शिरोली एमआयडीसी आणि परत, त्याला एवढे लागतही नाहीत.

(दृश्य, जवळून: काळवंडलेला, एका बाजूनं वितळलेला सॉकेट.)

हा त्यांचाच पहिला सॉकेट. गिझर वीस मिनिटांत बंद होतो. गाडी रात्रभर तेवढाच करंट ओढत राहते. स्वस्तातला सॉकेट, बारीक वायर, सैल स्क्रू, यातलं काहीही त्यापुढं टिकत नाही. दुसरी अडचण अर्थिंगची. जुन्या घरात ते नीट नसेल तर चार्जर लाल दिवा दाखवून बंद राहतो, आणि लोक गाडीला दोष देतात. यांनी अंगणात खड्डा घेतला, प्लेट पुरली, मीठ आणि कोळसा भरला, मीटरपासून वेगळी जाड वायर आणि स्वतंत्र एमसीबी (करंट जादा झाला की आपोआप पडणारा स्विच). ते सांगतात, "गाडी बुक करायच्या आदी वायरमनला बोलवा. शोरूमला नंतर जावा."

शिवाजी पेठेतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या माणसाला हा सल्ला देऊन भागत नाही. तिथं बोळात दुचाकी लावताना मारामार, गाडी रात्री चौकात उभी. दुसऱ्या मजल्यावरून वायर सोडणं धोक्याचं. अशा एका मालकाला दर दोन-तीन दिवसांनी सार्वजनिक चार्जर गाठावा लागतो. ॲपमध्ये 'उपलब्ध' दिसतं, आणि पोचल्यावर तिथं डिझेल गाडी लावलेली असते. त्यांचा राग आम्हाला पटला. ज्याच्याकडं हक्काचं पार्किंग नाही, त्याला ही गाडी आज तरी विचार करूनच घ्यावी लागेल.

(दृश्य: राजाराम बंधारा, पावसाळा.)

कोल्हापूरच्या मालकाला आणखी एक आकडा पाठ असतो. बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता. बॅटरीवर आयपी 67 लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, मीटरभर स्थिर पाण्यात अर्धा तास ठेवून घेतलेली चाचणी. पुराच्या वाहत्या, गाळाच्या पाण्यात गाडी घालायची ती परवानगी नव्हे. पुरात बुडालेली गाडी चार्जिंगला लावायची नाही, चालूही करायची नाही. टो करून सर्व्हिस सेंटरला न्यायची.

रमणमळ्यातल्या एका कुटुंबानं घरचा चार्जिंग पॉइंट छातीच्या उंचीवर घेतलाय. पाणी 39 कडं सरकायला लागलं की आधी गाडी पूर्ण चार्ज करायची, कारण पूर आला की भागाची वीजही बंद होते. मग ती उंचावरच्या आर. के. नगरला मेहुण्यांकडं न्यायची. तिकडंही आता 15 अँपियरचा सॉकेट आणि नवं अर्थिंग करून घेतलंय. खर्च दोघांनी निम्मा-निम्मा केला.