हमालमामा आणि मच्छरदाणी

नमस्कार श्रोतेहो. आज बोलू या जांघेतल्या हर्नियाबद्दल. जुनी माणसं त्याला अंतर्गळ म्हणायची. म्हणजे काय, तर जांघेजवळ पोटाची भिंत विरते आणि आतलं आतडं तिथून बाहेर डोकावतं. खोकलं, ओझं उचललं की जांघेत गाठ फुगते, आडवं झालं की आत जाते. गोळीनं ती बरी होत नाही, पट्ट्यानंही नाही.

मार्केट यार्डातले एक हमालमामा माझ्याकडे आले होते. दोन वर्षं पट्टा आवळून पोती वाहिलेली. त्यांना समजावलं, मामा, विरलेला लेंगा कडा ओढून शिवला तर पुन्हा उसवतोच ना? म्हणून आम्ही ओढून शिवत नाही, जाळीचं ठिगळ लावतो. लॉस एंजेलिसच्या डॉ. लिक्टेनस्टाईन यांनी १९८०च्या दशकात रुळवलेली ही पद्धत. मामांनी जाळी चिमटीत धरली, उजेडाकडे केली.

"डॉक्टर, ही तर मच्छरदाणी! हिचे एवढे पैसे?"

नर्स हसली. मी गप्प, कारण मामांचं अगदीच चुकलं नव्हतं. आपल्या धुळे जिल्ह्यात, दोंडाईचाला, डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी मच्छरदाणीचंच कापड निर्जंतुक करून हर्नियाला लावलं. २००३ साली त्यावर सहकाऱ्यांसह शोधनिबंध लिहिला. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर तुलना झाली. वर्षभरानंतर स्वस्त जाळी महागड्या जाळीच्या तोडीस तोड ठरली. ते २०१६ मध्ये छापून आलं, तेव्हा कुठे आपल्याकडच्या मोठ्या डॉक्टरांना दोंडाईचा नकाशावर सापडलं! (घरची मच्छरदाणी कापून आणू नका बरं. ती लावून झोपा.)

एक मात्र कान देऊन ऐका. गाठ आत जाईना, दुखायला लागली, उलट्या सुरू झाल्या, तर आतडं अडकलेलं असू शकतं. सकाळची वाट पाहू नका. पुन्हा सांगतो, गाठ आत जात नाही, दुखतेय, उलट्या होतायत, तर रात्र असली तरी निघा.

तर मामांचं ऑपरेशन. कमरेत इंजेक्शन देऊन फक्त खालचा भाग बधिर केलेला, त्यामुळे ते टक्क जागे. मी जाळी मापात कापली, कोपरा ट्रेमध्ये टाकला. पडद्यापलीकडून आवाज आला, "डॉक्टर, उरलेला तुकडा टाकू नका हां. आमच्या खिडकीच्या जाळीला भोक पडलंय."