खेळ सुटला, आता संध्याकाळी पाच वाजता काय करायचं?

नमस्कार मंडळी! मागच्या कबड्डीच्या व्हिडिओखाली कमेंट पाहिल्या तर घुमून फिरून एकच प्रश्न, ताई खेळ सोडला, घरात मन लागून नाही राहिलं, काय करू. आणि एक कमेंट, ताई मागच्या ट्रॉफीवरची धूळ पुसा. पुसते बाबा.

बेसिक पटकन सांगते. रडू येते, चिडचिड होते, झोप बिघडते, होणारच. आणि हे फक्त हरलेल्यांचं नाही, नेमबाज अभिनव बिंद्रानं 2008 ला बीजिंग ऑलिम्पिकमध्ये गोल्ड मारलं आणि त्यानंतरच्या रिकामेपणाबद्दल तो स्वतः बोललेला आहे. नोकरीवाल्यांसाठी, आपल्या राज्यात सरकारी भरतीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, सर्टिफिकेटची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे आधीच करून ठेवा. झालं.

आता मेन गोष्ट. पाच ते सात. दिवसभर माणूस ठीक असते, पाच वाजले की कसंतरी होते. खेळ सुटल्यावरही माझा हात आपोआप नीकॅपकडे जायचा, ती ताणून ताणून सैल झालेली, घामाचा वास मारणारी, आई म्हणे फेक ती, आणि मी ती उशाखाली ठेवत होती. तर ही वेळ रिकामी ठेवायची नाही. लिहून घ्या.

का? एक तर शरीर. शाळेपासून रोज दम निघेपर्यंत पळवलेलं शरीर एकदम सोफ्यावर बसवलं तर धडधड, अस्वस्थपणा, झोप गायब, असं होऊ शकते, आणि भूक मात्र तेवढीच, सावजीचा रस्सा तेवढाच. अर्धा त्रास मनाचा वाटते आणि असते शरीराचा. म्हणून प्रॅक्टिस हळूहळू उतरवायची, धाडकन बंद नाही.

दुसरं, माणसं. आपण म्हणतो मैदान आठवते, पण खरं तर प्रॅक्टिसनंतर नागपूरच्या रेशीमबाग मैदानाच्या गेटबाहेर उभं राहून पिलेला चहा आठवते, कोणाची पकड सुटली म्हणून खेचाखेची आठवते. त्या पाच ते सातमध्ये कोणीतरी माणूस पाहिजे. फुटाळा तलावावर चक्कर मारा पण एकट्यानं नाही, मैत्रिणीला ओढून न्या, नाहीतर पोहणं शिका, ज्यात तुम्ही एकदम ढ आहात असं काहीतरी, तिथं तुम्हाला कोणी माजी खेळाडू म्हणत नाही, मजा येते.

आणि तिसरं, पुन्हा तेच पाच ते सात, कंटाळू नका. इतकी वर्षं शिट्टी दुसऱ्यानं वाजवली. कधी यायचं, किती पळायचं, काय खायचं, सगळं सर सांगायचे. आता कोणी सांगून नाही राहिलं म्हणून आपण म्हणतो बघू, आणि बघू बघू करत मोबाईलवर आठ वाजतात. आज काय करायचं ते दुपारीच ठरवा.

एकानं लिहिलं, एवढं काय रडायचं, सचिनही रिटायर झाला. अरे भाऊ! सचिनला 2013 मध्ये अख्ख्या वानखेडेनं उभं राहून निरोप दिला. आपल्या पोरीला काय मिळते? ट्रायलनंतर ग्रुपवर निवड यादीची पीडीएफ येते, तिच्यात नाव नसते, संपलं. वरून घरचे, बरं झालं, आता स्थळं पाहू. ती रडणार नाही तर काय करणार बे?

आणि ते "लगेच कोचिंग चालू कर" म्हणणारे काका, प्रत्येक मोहल्ल्यात एक असतेच. त्याच मैदानावर, त्याच वेळेला, लाईनच्या बाहेर उभं राहून दुसऱ्यांची चढाई पाहायची, ते सुरुवातीला लई जड जाते. थोडे महिने जाऊ द्या, मग करायचं तर रीतसर एनआयएसचा, म्हणजे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोचिंगचा कोर्स करून करा.

दोन आठवडे झाले तरी झोप नाही, जेवण नाही, किंवा जगून काय करू असे विचार येऊन राहिले, तर माझे व्हिडिओ पाहत बसू नका, 14416 लावा, टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाईन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येते. नंबर खाली पिन केला आहे. तुमची पाचची वेळ कशात जाते ते कमेंटमध्ये टाका, पुढचा व्हिडिओ गुडघ्यांवर.