कॉट बेसिसवर खोली देताना

[दृश्य: जुळे सोलापूरमधली एक गल्ली. गेटवर हाताने रंगवलेली पाटी. मागे स्कूटरचा आवाज.]

प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की सोलापुरात गेटांवर आणि विजेच्या खांबांवर पाट्या लागतात : "रूम भाड्याने देणे आहे. विद्यार्थ्यांना प्राधान्य." केगावला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, अशोक चौकाकडे वालचंद, सिव्हिल हॉस्पिटलशेजारी वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय, तुळजापूर रस्त्यावर तळे हिप्परग्याला ऑर्किड. अक्कलकोट, मंगळवेढा, करमाळा, धाराशिव, सीमेपलीकडून विजयपूर आणि कलबुर्गी, अशा सगळीकडून मुलं-मुली येतात. वसतिगृहात ज्यांचा नंबर लागत नाही, ते तुमच्या दारात उभे राहतात.

खोली देणं सोपं वाटतं. चार कॉट, एक पंखा, दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि किल्ली. पुढे वाद होतात ते बहुतेक चारच गोष्टींवरून : पाणी, लाइट बिल, मध्येच सोडून जाणं आणि डिपॉझिट. या चारही गोष्टी खोली देण्याआधी कागदावर आल्या, तर वर्ष नीट जातं.

[दृश्य: टेबलावर कराराचा मसुदा, आधार कार्डांच्या प्रती.]

करारापासून सुरुवात करू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. वर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्टॅम्पपेपरवर नोटरी करून ठेवलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. हा गैरसमज गल्लोगल्ली आहे.

खर्च किती येतो? समजा, फ्लॅटचं भाडं महिना 12,000, डिपॉझिट 24,000, मुदत 11 महिने. एकूण भाडं 1,32,000. परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी व्याज धरतात, ते 11 महिन्यांचं 2,200. बेरीज 1,34,200. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे 336 रुपयांच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1000 रुपये, ग्रामीण भागात 500. अंगठ्याचं मशीन आणि वेबकॅम असलेल्या एजंटाकडून हे काम घरी बसून ऑनलाइन होतं. त्याची फी वेगळी, ती आधी विचारून घ्या. हा सगळा खर्च कोण करणार, हेही करारातच लिहा.

या पैशात तुम्हाला काय मिळतं? त्याच कायद्याच्या कलम 24 चा आधार. मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो आणि त्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. त्या अर्जाला आधार लेखी कराराचा.

आता विद्यार्थ्यांच्या बाजूने पाहा. स्वाधार योजना किंवा डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता यांसारख्या योजनांमध्ये, बाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याला राहण्याचा पुरावा जोडावा लागतो. भाडेकरार हा त्यातला सरळ पुरावा. घरमालकाने "कागदबिगद काही मिळणार नाही" म्हटलं, तर शेतमजुराच्या मुलाचा हक्काचा भत्ता अडू शकतो. हा भत्ता विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतो, आणि दर महिन्याच्या 5 तारखेला येत नाही. म्हणून अशा मुलाशी भाड्याची तारीख ठरवताना थोडी सवड द्या आणि तीही करारात लिहून ठेवा.

बारावीनंतर आलेला विद्यार्थी कित्येकदा 18 पूर्ण केलेला नसतो. 18 वर्षांखालच्या मुलाने केलेला करार कायद्यात टिकत नाही. आधार कार्डावरची जन्मतारीख बघा. 18 ला एक महिना जरी कमी असेल, तरी सही आई-वडिलांची किंवा पालकाची घ्या आणि त्या मुलाचं नाव राहणारा म्हणून लिहा.

दुसरा प्रश्न : चौघांचा मिळून एक करार, की प्रत्येक कॉटचा वेगळा? एकत्र करारात अख्ख्या भाड्याला चौघंही जबाबदार राहतात. एक जण डिसेंबरात कॉलेज बदलून गेला, की उरलेल्या तिघांच्या डोक्यावर चौथ्याचे 3,000 येतात, आणि भांडण सुरू होतं ते तिथून. वेगळ्या करारात रिकाम्या कॉटचं नुकसान तुमचं, पण बाकीच्यांना त्रास नाही. ओळखीचे चार मित्र एकत्र आले असतील तर एकत्र करार चालतो. अनोळखी मुलांना एका खोलीत आपणच घालत असू, तर कॉटप्रमाणे वेगळा करार करावा, हे आमचं स्पष्ट मत. एकत्र करारात एक कलम घाला : जाणाऱ्याने एक महिन्याची नोटीस द्यावी आणि बदली विद्यार्थी आणला, तर घरमालकाने योग्य कारणाशिवाय नाकारू नये.

मुदतीची तारीखही विचार करून टाका. इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेऱ्या लांबतात, मुलं ऑगस्ट-सप्टेंबरात येतात. तिथून 11 महिने धरले की करार जुलै-ऑगस्टात संपतो, ते ठीक. पण मुदत एप्रिल-मेमध्ये परीक्षेच्या ऐन तोंडावर संपत असेल, तर सुरुवातीलाच महिनाभर मागेपुढे करा.

[दृश्य: गच्चीवरची काळी टाकी. खाली अंगणात हौदाचं झाकण उचललं जातं.]

आता पाणी. सोलापूरला मुख्य पाणी उजनीचं, पण नळ रोज येत नाही. भागाभागाने पाळी असते, आणि जलवाहिनी फुटली किंवा पंपिंगची वीज गेली की पाळी पुढे ढकलली जाते. बाहेरगावच्या मुलाला हे माहीत नसतं. त्याला खोली दाखवताना सांगा.

हिशेब असा. शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण माणशी रोज 135 लिटर धरतात. चौघांना 540. पाळी पाच दिवसांनी आली, तर 2,700 लिटर साठा हवा. गच्चीवर 1000 लिटरची एकच टाकी असेल, तर ती दोन दिवसही पुरत नाही. तिसऱ्या दिवशी मुलं तुमच्या दाराशी बादल्या घेऊन येणार, आणि ती चूक त्यांची नाही. चार जणांमागे 3,000 लिटरचा हौद किंवा तेवढ्या टाक्या असल्याशिवाय पाचवी कॉट टाकू नका.

पाणी येतं तेव्हा मुलं कॉलेजात असतात. म्हणून हौदाच्या नळाला बॉल कॉक बसवा : हौद भरला की पाणी आपोआप बंद. हौदातून गच्चीवर चढवायच्या मोटारीचं बटण मुलांच्या हाताला येईल असं ठेवा आणि टाकी भरायला किती मिनिटं लागतात ते बटणाशेजारी लिहा. नळाच्या जोडणीला थेट मोटार लावू नका. ती महापालिका जप्त करते आणि शेजाऱ्याचं पाणी तुटतं ते वेगळंच. टँकर मागवावा लागला तर पैसे कोणाचे, हे आधी ठरवा. आमच्या मते वापरण्याच्या पाण्याची सोय भाड्यातच धरलेली असते, तेव्हा तो घरमालकाने द्यावा.

साठवलेलं पाणी म्हणजे डासांना निमंत्रण. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंड्यापासून पूर्ण वाढ आठ-दहा दिवसांत होते. झाकण घट्ट हवं, ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या तोंडाला जाळी हवी आणि आठवड्यातून एकदा बादल्या-पिंप घासून कोरडे करायला सांगावं.

[दृश्य, अगदी जवळून: खोलीतला स्विचबोर्ड. सॉकेटच्या एका छिद्राभोवती प्लास्टिक तपकिरी झालेलं.]

हा बोर्ड नीट बघा. सॉकेट 6 अँपिअरचं आहे. याच्या मागे बहुधा 1 चौरस मिलिमीटरची वायर असते, दिवे-पंख्यांसाठी टाकलेली. मुलं यात काय लावतात? 1500 वॅटचा पाणी तापवायचा रॉड, म्हणजे 230 व्होल्टला साडेसहा अँपिअर. 2000 वॅटची इंडक्शन, म्हणजे जवळपास पावणेनऊ. रोज पंधरा-वीस मिनिटं मर्यादेबाहेर प्रवाह गेला, की आतली पितळी पकड तापून सैल पडते, सैल झाली की ठिणगी उडते, आणि प्लास्टिक असं तपकिरी होतं. पुढची पायरी धुराची.

"रॉड वापरू नये" अशी पाटी लावून हे थांबत नाही. जानेवारीत पहाटे अंघोळीला गरम पाणी लागणारच. सोय तुम्ही द्या. बाथरूमला आणि ओट्याला एकेक 16 अँपिअरचा पॉइंट, 4 चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र वायर, त्याला 20 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारा खटका. अख्ख्या मजल्याला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाह गळला की वीज तोडणारा खटका. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं, खटका पडला नाही तर तो बदलायचा. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंग कमजोर होतं, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात मार्च ते मे पाणी घालत राहा. लोखंडी कूलर थ्री-पिन प्लगशिवाय कुणालाही लावू देऊ नका. ओल्या हाताने त्याला धरणारा मुलगा अनवाणी असतो.

पाणी तापवायला सोलर लावणार असाल, तर बोअरच्या क्षारांचं पाणी लक्षात घ्या. तांब्याच्या बारीक नळ्यांचं पॅनेल क्षारांनी चोंदतं, काचेच्या नळ्यांचं त्यामानाने बरं टिकतं.

गॅस गिझरबद्दल एकच सांगतो. बंद बाथरूमच्या आत तो लावू नका. ज्योत कोंडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि आतल्या माणसाला कडी काढायचंही भान उरत नाही. बसवायचाच तर मोकळ्या हवेत, बाथरूमच्या बाहेर. स्वयंपाकाला मुलं छोटा सिलिंडर आणतात. पाच किलोचा अधिकृत सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. कोपऱ्यावरच्या दुकानात मोठ्यातून छोट्यात भरून दिलेला सिलिंडर घरात येऊ देऊ नका. रबरी नळीवर वर्ष छापलेलं असतं, पाच वर्षांनी ती बदलायची.

लाइट बिल : तुमचं घर आणि मुलांच्या खोल्या एकाच मीटरवर असल्या, तर युनिटं 100 च्या आणि 300 च्या पुढे गेली की दर चढतो आणि मग कुणाच्या वापरामुळे चढला यावर वाद. स्वतंत्र मजला देत असाल, तर महावितरणचं स्वतंत्र कनेक्शन घ्या. ते शक्य नसेल तर सबमीटर, म्हणजे फक्त मुलांचा वापर मोजणारं आतलं मीटर. एकूण बिल भागिले एकूण युनिटं, गुणिले सबमीटरची युनिटं, एवढाच हिशेब. वर नफा लावू नका. दर महिन्याच्या एकाच तारखेला रीडिंगचा फोटो दोघांनी घ्यावा. आणि भाडं थकलं म्हणून पाणी किंवा लाइट तोडता येत नाही. भाडे नियंत्रण कायदाच ते करू देत नाही.

वरच्या मजल्याच्या खोलीबद्दल थोडं. परीक्षा एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हा सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती धग खोलीत सोडतो. होळीच्या आधी गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात किंवा उष्णतारोधक पांढरा रंग द्या. पत्र्याची खोली अभ्यासाला देऊच नये. दहा बाय बाराच्या खोलीत दोन कॉट, दोन टेबलं बसतात. तिसरी कॉट टाकली की टेबल बाहेर जातं.

[दृश्य: मुलींच्या मजल्याचा जिना. दाराला आतून कडी.]

मुलींना जागा देताना कॅमेरा फक्त बाहेरच्या गेटवर आणि जिन्याच्या तोंडाशी. आतल्या पॅसेजमध्ये नाही. खाजगी क्षणी एखाद्या स्त्रीला चोरून पाहणं किंवा तिचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. खोली बघायला जायचं असेल, तर आदल्या दिवशी सांगून जा, आणि मुली घरी असताना जा. दुसरी किल्ली तुमच्याकडे राहील, पण आग, गळती अशा प्रसंगापुरती. हे नियम मुलांच्या खोलीलाही तितकेच लागू. आणि जात, धर्म, ताटात काय असतं, हे विचारून खोली नाकारू नका. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एका गल्लीत बोलणाऱ्या या शहराला ते शोभत नाही.

राहायला येणाऱ्याची माहिती पोलिसांना द्या. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर भाडेकरूचा फॉर्म आहे. फोटो, ओळखपत्र, गावचा पत्ता लागतो. पालकांचा फोन नंबर, रक्तगट आणि कॉलेजचं ओळखपत्र तुमच्याजवळही ठेवा.

[दृश्य: रिकामी खोली. दोन जण कागद घेऊन भिंतीपासून भिंतीकडे जाताहेत.]

किल्ली द्यायच्या दिवशी खोलीत दोघांनी मिळून फिरा. दारापासून सुरुवात, घड्याळाच्या दिशेने. पंखा कोणत्या कंपनीचा, चालू आहे का, रेग्युलेटर, काच, नळ, फ्लशची टाकी, कपाटाची किल्ली, मीटरचं रीडिंग. आधीचा डाग, तडा, तुटकी टाइल दिसली की फोटो आणि यादीत नोंद. दोन प्रती, दोन्हींवर दोघांच्या सह्या. कॉटच्या सांध्यांत आणि गादीच्या शिवणीत ढेकूण आहेत का ते टॉर्च लावून बघा. काळे बारीक ठिपके दिसले, तर नवीन मुलगा यायच्या आत औषध मारा. एकदा त्याच्या पिशवीत गेले की चारही कॉटवर जातात.

भाडं यूपीआयने घ्या, म्हणजे नोंद आपोआप राहते. रोख घेतलंत, तर पावती द्या. 5000 च्या वरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लागतं.

खोली सोडताना तीच यादी पुन्हा काढायची. रोजच्या वापराने मळलेली भिंत, फिका पडलेला रंग, झिजलेली टोटी यांचे पैसे कापायचे नाहीत. फुटलेलं बेसिन, हरवलेली किल्ली, थकलेलं बिल यांचे कापायचे, तेही दुरुस्तीचं बिल दाखवून. जुन्या पंख्याच्या बदल्यात नव्या पंख्याची पूर्ण किंमत लावणं बरोबर नाही. शेवटचं रीडिंग घेतल्यावर लाइट बिलाचा अंदाज तिथेच काढता येतो, त्यामुळे "बिल आल्यावर बघू" म्हणून दोन महिने डिपॉझिट अडवायचं कारण राहत नाही. किल्ली हातात आल्यापासून सात दिवसांत उरलेली रक्कम विद्यार्थ्याच्या, आणि सही पालकाची असेल तर पालकाच्या खात्यात जमा करा, आणि कापलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब त्याच दिवशी लिहून पाठवा.