भाषणानंतरचा अर्धा तास

अध्यक्षमहोदय आणि सभासद मित्रहो,

अभियंत्यांच्या व्यावसायिक संस्थेची स्थानिक शाखा नेमके काय करते, असे कोणी विचारले की आपण वार्षिक अहवाल पुढे करतो. त्यात व्याख्याने, कारखानाभेटी, विद्यार्थ्यांच्या स्पर्धा, सभासदत्वाच्या अर्जांची छाननी या सगळ्यांची नोंद असते. ही कामे व्हायलाच हवीत. परंतु शाखेचे चिटणीसपद अनेक वर्षे सांभाळल्यावर माझे मत असे झाले आहे की, भाषण संपल्यावर जो अर्धा तास चर्चेला मिळतो, त्यातच शाखेचे खरे काम होते, आणि वेळ अपुरा पडला की आपण कात्री लावतो ती नेमकी त्यालाच.

लंडनमध्ये १८१८ साली काही तरुण अभियंत्यांनी एका कॉफीगृहात जमून इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सची स्थापना केली, तेव्हा एकमेकांच्या कामातून शिकणे हाच त्यांचा हेतू होता. १८२० मध्ये नामवंत पूलबांधणीकार थॉमस टेलफर्ड अध्यक्ष झाले आणि संस्थेला वजन आले. या व्यवसायाचे शिक्षण तेव्हा प्रामुख्याने उमेदवारीतूनच होत असे, त्यामुळे दुसऱ्याचा अनुभव ऐकण्याची जागा म्हणजे ही सभाच होती.

आमच्या शाखेतील एक सभा मला विसरता येत नाही. पंपगृहाची देखभाल पाहणाऱ्या एका सभासदांनी कापडात गुंडाळून आणलेले बेअरिंग (फिरत्या शाफ्टला, म्हणजे दांड्याला, आधार देणारे गोळ्यांचे कडे) टेबलावर ठेवले. ते राखीव पंपाचे होते. पंप कित्येक महिने बंदच होता आणि चालू केल्यावर थोड्याच दिवसांत त्याचे बेअरिंग गेले. त्यांचा संशय ग्रीसवर होता. बेअरिंग हातोहात फिरू लागले, तेव्हा रेसवर, म्हणजे गोळे ज्या खाचेतून फिरतात तिच्यावर, गोळ्यांमधील अंतराइतक्याच अंतरावर पडलेले उथळ खळगे आणि त्यांतील तांबूस भुकटी सर्वांना दिसली. मागच्या रांगेतील एका तरुण सभासदाने विचारले, “शेजारचा पंप याच फाउंडेशनवर आहे का?” तो होता. चालू पंपाच्या कंपनांमुळे थांबलेल्या पंपाचे गोळे एकाच जागी सूक्ष्म हालचाल करीत राहिले, मधला ग्रीसचा थर निघून गेला आणि धातू धातूवर घासत राहिला. दोन्ही पंप आळीपाळीने चालवावेत, ते जमत नसेल तर राखीव पंपाचा शाफ्ट ठरावीक दिवसांनी हाताने फिरवावा, एवढा साधा उपाय त्या चर्चेतून निघाला. आपले चुकलेले काम असे चारचौघांत मांडायला धैर्य लागते, आणि त्या सभासदांविषयी मला आजही आदर वाटतो.

हे धैर्य टिकावे म्हणून शाखेने काही पथ्ये पाळली पाहिजेत. बिघाड सांगणाऱ्याला कारखान्याचे नाव सांगण्याचा आग्रह धरू नये. पहिले प्रश्न तरुणांना विचारू द्यावेत, कारण ज्येष्ठांनी एकदा निदान सांगितले की तरुणांची तोंडे मिटतात. आणि इतिवृत्तात “वक्त्यांनी उद्बोधक मार्गदर्शन केले” एवढे लिहून थांबू नये. कोणता प्रश्न आला, त्याला काय उत्तर मिळाले आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी कोणालाच देता आले नाही, हे त्यात लिहावे, म्हणजे पुढच्या सभेची सुरुवात तेथूनच करता येईल.